खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियम नेकची जुनी गिटार: घेण्यापासून वाजवण्यापर्यंत

कोकणात गिटार सांभाळायची म्हटलं की सगळ्यांना आधी पावसाची धास्ती वाटते. लाकडी नेक, म्हणजे डावा हात धरतो ती गिटारची लांब मान, जून-जुलैत ओलावा पिते, वाकते, आणि गणपती येईपर्यंत तारा बोटांना टोचायला लागतात. ॲल्युमिनियमची नेक ओलावा पीत नाही. चार महिने पावसात घरी राहिली तरी ती फुगणार नाही. म्हणून बरेच नवशिके समजतात की किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी यापेक्षा बिनघोर वाद्य नाही. ते निम्मंच खरं आहे. या नेकला पावसाचं वावडं नाही, पण तिला मिठाचं, शेजारच्या धातूचं आणि तापमानाच्या चढउताराचं वावडं आहे.

मिरकरवाड्याला किंवा हर्णैला ट्रॉलर दुरुस्तीला वर काढलेला असताना त्याच्या पंख्याजवळ पाहा. तिथे जस्ताच्या वड्या ठोकलेल्या दिसतील. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले की त्यातला एक झिजतो. पंखा झिजू नये म्हणून मच्छीमार मुद्दाम जस्ताला झिजायला लावतात. गिटारमध्ये ही जस्ताची जागा ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते. स्टीलचा स्क्रू, पितळी वॉशर, निकेलचा ब्रिज (अंगावर तारा टेकतात तो भाग) हे सगळे टिकतात आणि नेक खाल्ली जाते. पुढचं सगळं वाचताना ही एक गोष्ट डोक्यात असली की कुठे काय करायचं ते आपोआप कळत जाईल.

कोणती गिटार हाती लागू शकते

जुन्या बाजारात मुख्यतः दोन नावं भेटतात. पहिलं ट्रॅव्हिस बीन. कॅलिफोर्नियात १९७४ ते १९७९ एवढीच वर्षं या गिटार बनल्या. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली नेक थेट ब्रिजपर्यंत सलग जाते आणि पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा चुंबकी भाग) व ब्रिज त्या धातूवरच बसतात. लाकडी अंग, बहुतेक वेळा कोआ लाकडाचं, भोवतीने येतं. हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या टोकाला खुंट्या बसतात त्या भागाच्या, मध्यभागी इंग्रजी टी आकाराची आरपार खाच असते, त्यामुळे लांबूनही ओळखता येते. टीबी१००० आणि टीबी५०० ही त्यांची जास्त ऐकू येणारी मॉडेलं.

दुसरं क्रेमर. ट्रॅव्हिस बीनमधून बाहेर पडलेल्या गॅरी क्रेमर यांनी भागीदारांबरोबर ही कंपनी १९७६ मध्ये न्यू जर्सीत सुरू केली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ॲल्युमिनियम नेक बनवली. हेडस्टॉक दोन शिंगांचा, सूर जुळवायच्या चिमट्यासारखा. नेक थंड आणि जड लागू नये म्हणून पाठीमागे दोन लांब खाचांत लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या. फ्रेटबोर्ड, म्हणजे तारा ज्यावर दाबतात ती पट्टी, इबोनॉल नावाच्या कृत्रिम पदार्थाचा असतो, तोही ओलावा शोषत नाही. नेक अंगाला बोल्टने जोडलेली असते. २५०जी, ३५०जी, ४५०जी आणि नंतरची डीएमझेड मालिका नेहमी दिसतात.

यापलीकडे फ्लोरिडातले जॉन व्हेलेनो यांच्या पूर्ण ॲल्युमिनियमच्या गिटार आणि इटलीतल्या वांद्रेच्या गिटार आहेत, पण त्या संग्राहकांच्या. पहिल्यांदाच घेणाऱ्याला आम्ही क्रेमरच सुचवू. ट्रॅव्हिस बीनच्या मानाने ती स्वस्त मिळते आणि बोल्टची नेक असल्याने उंची सुधारायला वाव राहतो. बाहेरून मागवणार असाल तर पैसे देण्याआधी कुरिअरवाल्याकडून कस्टम ड्युटीचा लेखी अंदाज घ्या. फ्रेटबोर्ड रोजवुडचा असेल तर तो ब्राझिलियन आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. तयार वाद्यांतल्या बाकी रोजवुडला २०१९ पासून आंतरराष्ट्रीय परवान्यातून सूट आहे, ब्राझिलियनला नाही.

घेण्याआधी काय पाहायचं

या दोन्ही कंपन्यांच्या नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे वाक सुधारायची आतली सळई, नसतो. लाकडी गिटारची नेक वाकली तर किल्ली फिरवून सरळ करता येते. इथे किल्लीच नाही. तेव्हा विकत घेताना नेक सरळ आहे की नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

तारा पूर्ण सुरात असताना जाड ई तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. गॅरेजवाले वापरतात तेच गेज चालतं. ०.१ ते ०.३ मिलिमीटर उत्तम. ०.४ पर्यंत तारा बदलून निभावता येतं. ०.५ च्या पुढे असेल तर नेकला कधीतरी मार बसलेला असणार. ती गिटार सोडा. फट अजिबात नसेल आणि तार मधल्या फ्रेटांना टेकत असेल तर नेक मागे वाकलेली आहे, तीही सोडलेली बरी. मग जाड आणि पातळ अशा दोन्ही ई तारांखाली मोजा. दोन्हीकडच्या फटीत ०.१५ पेक्षा जास्त फरक निघाला तर नेकला पीळ आहे.

लांबून घेत असाल तर चार जवळचे फोटो मागा: हेडस्टॉककडून ब्रिजच्या दिशेने नेकवर नजर टाकल्यासारखा एक, ब्रिजच्या स्क्रूंचा एक, फ्रेटबोर्ड धातूला जिथे चिकटतो त्या कडेचा एक, आणि क्रेमर असेल तर पाठीच्या लाकडी पट्ट्यांचा एक. फ्रेटबोर्डच्या कडेला नख शिरेल एवढी रेघ दिसली तर गोंद सुटतोय. धातू आणि फ्रेटबोर्ड उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे पन्नास वर्षांत हा जोड थकतो. दुरुस्त होतो, पण भावात ते धरा.

वजन हातात घेऊन बघा. चार-साडेचार किलो नेहमीचं, काही पाचच्या घरात जातात. क्रेमरची नेक जड असल्याने उभं राहून वाजवताना हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो. सात-आठ सेंटिमीटर रुंद आणि आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्या, म्हणजे तो खांद्यावरून घसरणार नाही. नायलॉनच्या गुळगुळीत पट्ट्यावर ही गिटार डाव्या हाताने उचलून धरावी लागते आणि अर्ध्या तासात मनगट भरून येतं.

घरी आणल्यावर पेटी लगेच उघडू नका

मुंबईहून एसी डब्यातून रत्नागिरीला किंवा कणकवलीला उतरलात, घरी पोहोचलात, आणि उत्साहाने केस उघडली तर काय होईल? डब्यात धातू बावीस-तेवीस अंशांवर गार झालेला असतो. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या हवेचा दवबिंदू पंचवीसच्या आसपास किंवा वर असतो. म्हणजे उघडताक्षणी नेकवर, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं पाणी धरतं. लाकडावर असं एवढं पटकन होत नाही, धातूवर होतं. ते पाणी स्क्रूच्या भोकात, पिकअपच्या खाली, फ्रेटबोर्डच्या कडेला शिरतं आणि तिथून पुसता येत नाही.

केस बंदच ठेवा. एक तास तरी. जाड गादीची केस असेल तर दोन तास. मग झाकण बोटभर उघडून नेकला हाताच्या पाठीने स्पर्श करा. गार लागली तर परत बंद करा.

पहिली तपासणी

तारा सैल करून काढा. ट्रस रॉड नसल्याने सगळ्या तारा एकदम काढल्या तरी नेकला काही होत नाही. ब्रिज नुसता खांबांवर टेकवलेला असेल तर तो पडेल, त्यावर आधी कागदी चिकटपट्टी लावा.

आता मल्टिमीटर ओहमवर ठेवून नेकच्या पाठीवर दोन टोकं हलकेच टेकवा. काटा शून्याशी आला तर धातू उघडा आहे. काहीच दाखवलं नाही तर वर ॲनोडायझिंग (विजेने धातूवर चढवलेला कठीण थर), लाख किंवा रंग आहे. हे कळणं का महत्त्वाचं? उघड्या धातूला पॉलिश चालतं. ॲनोडायझिंगला पॉलिश लावलं तर ते संरक्षक कवच घासून निघतं आणि परत घरी बसवता येत नाही.

नंतर भिंग घेऊन प्रत्येक स्क्रू पाहा. डोक्याभोवती पांढरा भुरा दिसतो का? बारीक मिठासारखा, थोडा चिकट. बांबूच्या दातकोरणीने तो खरवडा. खाली धातू गुळगुळीत आणि फक्त फिका दिसला तर वेळेत सापडलं. सुईच्या टोकाएवढे काळसर खड्डे दिसले तर मीठ आत गेलेलं आहे. ते खड्डे भरून येणार नाहीत, पण पुढचं थांबवता येतं.

थांबवायचं असं. स्क्रू एकेक करून काढा. एक काढला, साफ केला, परत बसवला, मग दुसरा. सगळे एकदम काढून वाटीत टाकू नका, लांबी वेगवेगळी असते. या गिटार अमेरिकन आहेत आणि त्यांचे आटे इंचाच्या मापाचे आहेत. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला एम३ किंवा एम४ स्क्रू दोन वेढे जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. मऊ धातूत कठीण स्क्रू म्हणजे आट्याचा कायमचा नाश. ४-४०, ६-३२, ८-३२ या मापांचे स्टेनलेस स्क्रू आणि इंचाच्या ॲलन की आधीच मागवून ठेवा.

स्क्रू जाम असेल तर पिळू नका. भेदक तेलाचा एक थेंब टाका, चोवीस तास थांबा. मग हेअर ड्रायरने आजूबाजूचा धातू हाताला सोसेल एवढा गरम करा. ॲल्युमिनियम स्टीलच्या दुपटीने प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. घट्ट बसणारा पेचकस, सरळ दाब, आणि अर्धा वेढा पुढे-मागे. गॅसची ज्योत किंवा टॉर्च कधीही नको, फ्रेटबोर्डचा गोंद सुटेल.

भोक नायलॉनच्या जुन्या ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टीलची घासणी वापरली तर लोखंडाचे कण धातूत रुततात आणि तिथूनच नवीन गंज सुरू होतो. स्क्रूच्या आट्यांना व्हॅसलीन किंवा लॅनोलिनचा पातळ लेप द्या, एवढा पातळ की फक्त चमक दिसावी. डोक्याखाली जागा असेल तर नायलॉनचं पातळ वॉशर घाला. पितळेचं घालू नका. घट्ट करताना हलका अडथळा लागला की चार आणे वेढा अजून, बस.

इथे एक सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो इथे घातक आहे. नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या आडव्या पट्टीच्या) खाचेत तार अडकू नये म्हणून पेन्सिलीचं शिसं घासतात. पेन्सिलीत ग्राफाइट असतं, आणि ग्राफाइट ॲल्युमिनियमला शेजारच्या कुठल्याही धातूपेक्षा जास्त खातं. ज्या गिटारवर नट ॲल्युमिनियमचा आहे तिथे खाऱ्या हवेत पेन्सिल अजिबात नको. व्हॅसलीनचा अगदी बारीक ठिपका पुरतो.

साफसफाई

आपल्याकडे भांडी लखलखीत करायला चिंच, लिंबू, राख हाताशी असतात. तांब्या-पितळेला ती ठीक. नेकला यातलं काही लावू नका. आंबट आणि अल्कली दोन्ही ॲल्युमिनियम खातात. राख, धुण्याचा सोडा, भांड्यांची पावडर ही अल्कलीच्या बाजूची, ती धातू काळा पाडतात आणि चरे उमटवतात. नवसागर किंवा अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिशही नको.

बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर २०० मिलिलिटर घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यात क्षार असतात. सुती फडकं पिळून, म्हणजे खरंच घट्ट पिळून, नेक पुसा. दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच पुसा. पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. धातू उघडा असेल तर गाडीला लावतात ते कार्नोबा मेण, ज्यात घासणारी पूड नाही असं, पातळ लावा, दहा मिनिटांनी मऊ कापडाने चमकवा. कापड राखाडी-काळं होईल. तो ॲल्युमिनियमचा नेहमीचा थर आहे, घाबरू नका. मेण उन्हाळ्या-हिवाळ्यात दोन महिन्यांतून एकदा, पावसाळ्यात दर महिन्याला.

रोजची सवय मात्र याहून मोलाची. वाजवून झालं की नेकची पाठ, तारा आणि ब्रिज कोरड्या कापडाने पुसून मगच केसमध्ये ठेवा. घामात मीठ आहे. समुद्राकाठी अंगणात वाजवलं असेल तर आधी किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, कारण नुसतं कोरडं घासलं तर मिठाचे कण सँडपेपरसारखे फिरतात.

तारा आणि उंची

ट्रस रॉड नाही, म्हणून नेकचा वाक ठरतो तारांच्या ताणावर. म्हणजे तारांचं माप निवडणं हाच इथला ट्रस रॉड.

सुरुवात ०.०१०–०.०४६ च्या (इंचातली तारांची जाडी) संचाने करा. सुरात आणा, तासभर खोलीत ठेवा, मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशीची फट मोजा. ०.३ पेक्षा जास्त आली तर ०.००९ चा संच लावा, किंवा अर्धा स्वर खाली लावा. फट जवळजवळ नाहीच आणि तारा खडखडतात, तर ०.०११ चा संच. एकदा माप जुळलं की तेच धरून ठेवा. दर वेळी वेगळा संच लावला तर दर वेळी सगळं परत जुळवावं लागेल. समुद्राकाठी बिनलेपाच्या तारा लवकर करड्या पडतात, म्हणून लेप दिलेल्या तारा घेणं परवडतं.

मग ब्रिजवरून उंची. बाराव्या फ्रेटपाशी पातळ ई खाली १.६ मिलिमीटर, जाड ई खाली २ मिलिमीटर. क्रेमरमध्ये ब्रिज सगळा खाली नेऊनही तारा उंच राहत असतील तर नेकच्या खोबणीत, अंगाच्या आतल्या कडेला पाव मिलिमीटरची पट्टी घाला. जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो, तो जास्त होतो. पातळ प्लॅस्टिक शीट किंवा लाकडाचा व्हेनिअर बरा. पितळी पत्र्याची पट्टी पुस्तकांत असते, पण किनाऱ्यावर ती घालू नका. कारण वर सांगितलंच आहे.

क्रेमरला नटच्या लगेच पुढे शून्य नंबरचा फ्रेट असतो आणि तारा त्याच्यावर टेकतात. त्यावर तारांनी खाच पाडली असेल तर मोकळ्या तारा झणझणतात आणि नवशिका ब्रिज वर चढवत बसतो. आधी शून्य फ्रेट भिंगाने पाहा.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवर दाबलेला सूरही खरा यावा म्हणून ब्रिजवरून तारेची लांबी जुळवणं. ज्या तापमानाला वाजवणार त्याच तापमानाला करा. एसी खोलीत केलेलं इंटोनेशन अंगणातल्या तीस अंशांत खरं राहत नाही.

सूर का हलतो

सगळे म्हणतात ही गिटार सूर सोडते. कसा सोडते ते कळलं तर सांभाळता येतं.

दहा अंशांनी तापमान वाढलं तर ६४० मिलिमीटर ॲल्युमिनियम साधारण ०.१५ मिलिमीटरने वाढतं. तेवढीच स्टीलची तार ०.०७ ने. म्हणजे नेक तारेपेक्षा जास्त लांबते, तार ताणली जाते, सूर वर जातो. ज्या गिटारमध्ये धातू ब्रिजपर्यंत सलग आहे तिथे हिशोब केला तर ०.०१० ची पातळ ई सुमारे चौदा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढते. आणि ०.०१७ ची साधी जी तार? सुमारे चाळीस सेंट. सुरात आणायला तिला मुळात फारच कमी ताणावं लागतं, म्हणून थोडासा जादा ताणही तिचा सूर खूप हलवतो. क्रेमरमध्ये तारेच्या खालचा काही भाग लाकडी अंगाचा असल्याने हे आकडे कमी होतात, पण क्रम तोच.

त्यावर एक सोपा तोडगा आहे. साध्या जीच्या जागी गुंडाळलेली ०.०२० ची जी लावा. तिची आतली तार बारीक आणि जास्त ताणलेली असते, म्हणून ती निम्म्याहून कमी हलते. तार ओढून मींड काढायला ती जड जाते, हे खरं. भजनाच्या साथीला किंवा कॉर्ड धरायला काहीच अडत नाही. नटची खाच किंचित रुंद करावी लागेल.

यात वेळेचाही भाग आहे. तार बारीक, ती लगेच तापते. नेक जाड, ती सावकाश. मंडपात एकदम दिवे लागले की आधी तारा ढिल्या पडून सूर उतरतो. तुम्ही घाईने वर चढवता. दहा मिनिटांत नेक तापते आणि सगळा सूर वर जातो. एसी हॉलमध्ये शिरताना याच्या उलट. तेव्हा कार्यक्रमाच्या जागी गिटार केसबाहेर काढून वीस मिनिटं स्टँडवर ठेवा, दिव्यांखाली पाच मिनिटं वाजवा, आणि मगच ट्यूनर लावा. पंखा थेट नेकवर नको.

वीज: हा भाग वगळू नका

लाकडी गिटारला फक्त तारा आणि ब्रिज अर्थशी जोडलेले असतात. इथे तारांमधून सगळी नेक अर्थशी जोडलेली आहे आणि तुमचा अख्खा तळहात तिच्यावर आहे. ओठ माइकच्या जाळीला लागले आणि माइकचं अर्थिंग वेगळ्या फेजच्या बोर्डावरून किंवा सदोष असेल, तर वाट तुमच्या अंगातून जाते. पावसाळी मंडपात, ओल्या जमिनीवर, अनवाणी, हे जिवावर बेतू शकतं.

आपल्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग मुळातच कमजोर असतं. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात वाळून जातो आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. घरी वाजवत असाल तर एप्रिल-मे मध्ये त्या खड्ड्यात पाणी घालत राहा, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

सॉकेट तपासताना फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. पण डिजिटल मीटर फसवतो. अर्थची वायर नुसती लोंबकळत असली तरी तो कधीकधी चांगला आकडा दाखवतो. म्हणून एकदा वायरमनकडून भार देऊन अर्थिंग तपासून घ्या, हे स्वतः करू नका.

मंडपात पोहोचल्यावर, गळ्यात गिटार घालण्याआधी, सगळं चालू असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. मीटरची टोकं प्लॅस्टिकवरच धरा. शून्याच्या जवळ आलं तर ठीक. तीन-चार व्होल्टच्या वर गेलं तर थांबा. अँप आणि साउंड मिक्सर एकाच बोर्डावरून एकाच अर्थवर घ्यायला सांगा आणि परत मोजा. दहा-वीसच्या वर असेल तर गिटारला हातच लावू नका. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमांत हे फार वेळा दिसतं. अँपची तिसरी पिन काढून टाकून घुंई आवाज बंद करण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, तीच पिन तुमचा जीव राखते. वारंवार मंडपात वाजवणाऱ्याने गिटारसाठी वायरलेस संच घ्यावा. गिटार आणि अँपमध्ये तारच उरत नाही, तो मार्गच तुटतो.

जुना अमेरिकन अँप बरोबर आला असेल तर तो १२० व्होल्टचा असतो. २३० वर लावला की ट्रान्सफॉर्मर जळतो. अँपच्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, तीन पिनांचा, घ्या.

पावसाळ्यातली ठेवण

जूनच्या पहिल्या आठवड्यात तयारी करा. हार्ड केस, आत २५० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल कापडी पिशवीत, आणि लहान डिजिटल आर्द्रतामापक. आत ४५ ते ५५ टक्के ठेवा. बाहेर नव्वद असलं तरी जेल आणि बंद झाकणाने ते जमतं. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास. जुनी मूळ केस असेल तर आतला फोम पाहा. बोटाला चुरा लागला किंवा चिकटपणा जाणवला तर गिटार त्यात ठेवू नका. तो कुजणारा फोम धातूवर डाग पाडतो.

क्रेमरच्या पाठीतल्या लाकडी पट्ट्या मात्र लाकूडच आहेत. जुलैत त्या फुगून धातूपेक्षा केसभर वर येतात आणि तळव्याला कडा लागते. त्या वेळी सँडपेपर हातात घेऊ नका. आत्ता घासून सपाट केल्या तर जानेवारीत त्या धातूच्या खाली जातील आणि कडा उलटी लागेल. डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा, तेव्हाही वर असतील तरच घासा. पट्टी सुटली तर सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकूडकामाच्या कारागिरांना असं बारीक काम जमतं.

दुरुस्तीला देताना

फ्रेट बदलायचे असतील तर इबोनॉलमधून ते ओढताना कडा तुटतात. जो कारागीर आधी विस्तव मागतो त्याच्याकडे देऊ नका. आटे सोललेले असतील तर कुडाळ किंवा मिरजोळेच्या एमआयडीसीतला चांगला लेथवाला भोक मोठं करून त्यात स्टेनलेसच्या तारेचं आट्याचं वेटोळं बसवू शकतो. बसवताना तिथेही लॅनोलिनचा लेप द्यायला सांगा. नेकला चीर गेली असेल किंवा ती वाकली असेल तर वेल्डिंग किंवा तापवून सरळ करणं हा पर्याय नाही. ट्रॅव्हिस बीनची नेक ६०६१-टी६ मिश्रधातूची आहे, आणि त्याची ताकद कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या संस्कारात आहे. साधारण दोनशे अंशांपुढे तो संस्कार उतरायला लागतो. वेल्डिंगच्या जागेभोवतीचा धातू मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने तिथेच वाकतो.

गिटार देताना केसमध्ये मराठीत एक चिठ्ठी ठेवा: आटे इंचाचे आहेत, मेट्रिक स्क्रू घालू नये. ज्योत, वेल्डिंग, तापवणं नको. सँडपेपर, स्टीलची घासणी, पितळेचं पॉलिश नको. नटला पेन्सिल लावू नये. काढलेला प्रत्येक स्क्रू परत त्याच भोकात.